चव्वेचाळीस तासांचा संसार

पती एका शहरात, पत्नी दुसऱ्या शहरात आणि भेट फक्त शनिवार-रविवारी, असे संसार आता अपवाद राहिलेले नाहीत. आठवड्याअखेरीस हाती येणाऱ्या मोजक्या तासांतले नातेवाइकांना किती द्यायचे आणि एकमेकांसाठी किती राखायचे, हा या घरांतला खरा प्रश्न आहे. त्याचा हा हिशेब.

शुक्रवारी संध्याकाळी दादर, ठाणे आणि वाशी येथे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी जी गर्दी उसळते, त्यातले सारेच काही सहलीला निघालेले नसतात. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात धुवायच्या कपड्यांची पिशवी आणि कानाला मोबाइल अशा अवस्थेत उभी असलेली अनेक माणसे आपल्या संसाराकडे निघालेली असतात. त्याच वेळी शिवाजीनगर किंवा स्वारगेटहून मुंबईकडे निघालेल्या गाड्यांतही अशीच माणसे असतात. कुणाची बँकेत बदली झालेली असते, कुणाला हिंजवडीत नोकरी लागलेली असते, कुणी सरकारी सेवेत असते, तर कुणाचे उच्च शिक्षण अर्ध्यावर असते. कारणे वेगवेगळी असली तरी परिणाम एकच. सोमवार ते शुक्रवार दोन घरे आणि शनिवार-रविवारी एक.

या जीवनपद्धतीची चर्चा बहुधा 'करिअर की संसार' या चौकटीत होते. प्रत्यक्षात मात्र अशा जोडप्यांची खरी ओढाताण सुट्टीच्या दोन दिवसांत होते. आठवडाभर जो वेळ नसतो, तो या दोन दिवसांत मिळेल अशी साऱ्यांचीच अपेक्षा असते. पतीची असते, पत्नीची असते, मुलांची असते आणि दोन्हीकडच्या आईवडिलांचीही असते. अपेक्षा करणारे अनेक आणि तास मात्र तेवढेच.

जुनी रीत, नवे रूप

पती-पत्नींनी वेगवेगळ्या गावी राहणे महाराष्ट्राला मुळीच नवे नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील हजारो कुटुंबे पिढ्यान्पिढ्या अशीच जगली. चाकरमानी मुंबईत गिरणीत कामाला, गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायला आणि खानावळीत जेवायला, तर त्याची कारभारीण गावी शेती, गुरेढोरे आणि सासू-सासरे सांभाळायला. मनीऑर्डर आणि पत्र हा दोघांमधला दुवा. भेट व्हायची ती गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. गिरणगावातील या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले. एका अर्थाने दुरावलेल्या संसारांच्या गरजेवर उभी राहिलेली ही अर्थव्यवस्थाच होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्या जगाची घडी विस्कटली.

जुन्या आणि नव्या रीतीत एक मूलभूत फरक आहे. चाकरमान्याचे घर एकच होते आणि ते गावी होते. प्रवास करायचा तो त्याने, आणि वाट पाहायची ती तिने, हे ठरलेले होते. आता दोघेही कमावतात, दोघांच्याही नोकऱ्यांना सारखेच महत्त्व असते आणि घरे दोन असतात. त्यामुळे कुणी कुणाकडे जायचे, हे परंपरेने ठरवून दिलेले नाही. प्रत्येक जोडप्याला ते नव्याने ठरवावे लागते. अमेरिकेत नेओमी गर्स्टेल आणि हॅरिएट ग्रॉस या समाजशास्त्रज्ञ स्त्रियांनी अशा विवाहांवर १९८४ साली 'कम्युटर मॅरेज' हे पुस्तक लिहिले. म्हणजे तेथे हा विषय चार दशकांपूर्वीच अभ्यासाचा झाला होता. आपल्याकडे मात्र तो अजूनही 'तात्पुरती अडचण' म्हणूनच पाहिला जातो. मग ती अडचण पाच-सात वर्षे टिकली तरी तिची नीट व्यवस्था लावण्याचे कुणाला सुचत नाही.

हाती उरतात सहा तास

आता प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. उदाहरणादाखल, पती मुंबईत आणि पत्नी पुण्यात नोकरी करते असे समजू. मुंबई-पुणे हे रेल्वेने १९२ किलोमीटरचे अंतर. १९३० साली सुरू झालेली 'डेक्कन क्वीन' आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग यांमुळे राज्यातील इतर जोडप्यांच्या तुलनेत हे जोडपे भाग्यवानच म्हणायचे. शुक्रवारी सहाला कार्यालय सोडले, तर पती रात्री दहाच्या सुमारास घरी पोहोचतो. रविवारी संध्याकाळी सहाला त्याला निघावे लागते. म्हणजे एकूण ४४ तास. दोन रात्रींच्या झोपेचे १६ तास वजा करता जागेपणीचे २८ उरले.

या २८ तासांत आंघोळ, जेवणखाण वगैरेंना पाच तास लागतात. बाजारहाट, बँक, गॅस, गळका नळ आणि आठवडाभर साठलेले घरकाम यांना आणखी पाच. आईवडिलांकडे जाऊन येण्यात प्रवासासह सहा तास सहज जातात. त्यात एखादी मुंज, बारसे किंवा लग्नाचा स्वागत समारंभ निघाला, तर चार तास त्याचे. कार्यालयातून येणारे 'फक्त पाच मिनिटांचे' फोन आणि मेल मिळून दोन तास. बेरीज होते २२. पती-पत्नींसाठी उरतात सहा तास, आणि तेही सलग नव्हे. त्यांतला एक रविवारी दुपारी बॅग भरण्यात जातो. सोमवारी पहाटे निघणारे रविवारची रात्र वाचवतात, पण तिची किंमत झोपेने मोजतात.

मुळात शनिवार-रविवार हाही सर्वांचा सारखा नसतो. केंद्र सरकारी कार्यालयांना १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. राज्य सरकारी कार्यालयांना तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. म्हणजे वर्षाच्या ५२ शनिवारांपैकी २४. शाळांमध्ये शनिवारी सकाळची शाळा असते, रुग्णालयात पाळी असते आणि दुकानदारीत तर रविवार हाच धंद्याचा दिवस. पती बँकेत आणि पत्नी माहिती-तंत्रज्ञान कंपनीत असेल, तर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी ती मोकळी असते आणि तो काउंटरवर. तेव्हा भेटीचे वेळापत्रक दोघांच्या सुट्ट्यांची यादी समोर ठेवून वर्षाच्या आरंभीच आखणे शहाणपणाचे ठरते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळू लागले. त्यामुळे निदान दोन महिन्यांचे चित्र तरी स्पष्ट हवे.

अंतर वाढते तसा हा हिशेब आणखी आवळत जातो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला असला तरी तो ७०१ किलोमीटरचा आहे. दर आठवड्याला हे अंतर कापणे शरीराला आणि खिशाला परवडणारे नाही. अशा जोडप्यांची भेट महिन्यातून एकदा किंवा जोडून सुट्ट्या आल्या तरच होते. भेट जितकी विरळ, तितकी तिच्यावर नातेवाइकांची मागणी अधिक.

नातेवाइकांचा वाटा

येथे कुणालाही खलनायक ठरवण्याचे कारण नाही. साताऱ्याला किंवा नाशिकला राहणाऱ्या आईच्या दृष्टीने मुलगा पंधरा दिवसांनी पुण्यात आलेला असतो. तो आपल्याकडे न येता पत्नीबरोबर सिनेमाला गेला, तर तिला वाईट वाटणारच. "पंधरा दिवसांनी येतोस आणि घटकाभर बसायलाही वेळ नाही?" या प्रश्नात माया असते आणि एकटेपणही असते. वय वाढत असते, डॉक्टरांच्या भेटी असतात, पेन्शनची कागदपत्रे असतात. ही कामे खरीच असतात.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ज्या पत्नीने दोन आठवडे घर, मूल आणि नोकरी एकटीने सांभाळली, तिला पतीशी अर्धा तास निवांत बोलायचे असते. सासरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात असते आणि तो बाहेरच्या खोलीत वडिलांशी बोलत असतो. दोघे एका छताखाली असतात, तरी त्यांची भेट होतच नाही. रविवारी संध्याकाळी तो निघतो, तेव्हा दोघांच्याही लक्षात येते की, घरभाडे आणि मुलाची फी यांखेरीज आपले काही बोलणेच झाले नाही. असे दोन-चार वेळा झाले की चिडचिड सुरू होते, आणि ती निघते बिचाऱ्या सासूबाईंच्या नावावर.

यात आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. 'घरी जाणे' म्हणजे पतीच्या आईवडिलांकडे जाणे, हे आपल्याकडे न बोलता गृहीत धरलेले असते. पत्नीचे माहेर 'जमले तर' या सदरात मोडते. आठवडाभर दोघे एकत्र राहत असतील, तर एखाद्या संध्याकाळी माहेरी चक्कर टाकता येते. दूर राहणाऱ्या जोडप्याला मात्र माहेरी जाण्यासाठीही त्याच ४४ तासांतून कपात करावी लागते. ती कोणाच्या वाट्यातून करायची, हे ठरलेले नसेल, तर माहेर मागे पडते.

यावर उपाय साधेच आहेत, पण ते उघडपणे बोलून ठरवावे लागतात. महिन्यातील चार सुट्ट्यांची ढोबळ वाटणी करावी. एक सासरची, एक माहेरची, एक घरकामाची आणि सणासमारंभांची, तर एक फक्त दोघांची. ज्याच्या शहराजवळ आईवडील राहतात, त्याने किंवा तिने आठवड्यात मध्येच एकदा एकट्याने जाऊन यावे. डॉक्टर आणि बँकेची कामे तेव्हाच उरकावीत. प्रत्येक भेटीला दोघांनी जोडीने गेलेच पाहिजे, असा दंडक नको. आईवडिलांना 'या आठवड्यात येत नाही' एवढेच न सांगता 'पुढच्या शनिवारी सकाळी येतो आणि मुक्काम करतो' असे सांगितले, तर नकार तितका बोचत नाही. अनिश्चिततेचा त्रास गैरहजेरीपेक्षा जास्त असतो, हे वृद्धांच्या बाबतीत विशेष खरे.

नातेवाइकांनीही एक पथ्य पाळायला हवे. समारंभाचे आमंत्रण आले की, मुंबईचा मुलगा आणि पुण्याची सून दोघेही आलेच पाहिजेत, हा आग्रह सोडावा. दोघांपैकी एकाने हजेरी लावली तरी मान राखला गेला असे समजावे.

एकान्त आपोआप मिळत नाही

नातेवाइकांचा वेळ मागायला नातेवाईक असतात, घरकामाचा वेळ मागायला घर असते, कार्यालयाचा वेळ मागायला वरिष्ठ असतात. पती-पत्नींच्या एकान्ताची बाजू घेणारे मात्र तिसरे कुणी नसते. म्हणून ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. त्याची वेळ मुद्दाम राखून ठेवणे कृत्रिम वाटले, तरी दूर राहणाऱ्यांसाठी ते अपरिहार्य आहे. शनिवारी सकाळी टेकडीवर फिरायला जाणे, रात्रीच्या जेवणानंतर दोन तास दोघांचेही फोन बंद ठेवणे, रविवारचा पहिला चहा दोघांनीच घेणे, एवढ्या साध्या गोष्टींनीही आठवड्याला आधार मिळतो.

या एकान्ताचेही काही सापळे आहेत. वेळ थोडा असल्याने तो गोडच गेला पाहिजे, असा दबाव दोघांवर असतो. मग पैशांचा वाद, मुलाच्या शाळेची चिंता, नोकरीतील अपमान हे विषय 'आता कशाला?' म्हणून टाळले जातात. टाळलेला विषय रविवारी दुपारी, निघण्याच्या तासभर आधी, नको त्या स्वरूपात बाहेर पडतो. जेफ्री हॅनकॉक आणि क्रिस्टल जिआंग यांनी २०१३ साली दूर राहणाऱ्या प्रेमिकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. अशी जोडपी एकमेकांशी कमी वेळा, पण अधिक मनमोकळे बोलतात आणि जोडीदाराची प्रतिमा अधिक उजळ करून पाहतात, असे त्यांना आढळले. हा अभ्यास विवाहितांचा नव्हता. तरीही त्यातील इशारा संसारालाही लागू पडतो. फोनवरचा जोडीदार आणि ओला टॉवेल पलंगावर टाकणारा जोडीदार एकच असतो, याची आठवण राहायला हवी. म्हणून कटकटीच्या विषयांना शनिवारी दुपारचा एक तास नेमून द्यावा आणि रविवार मोकळा ठेवावा.

दुसरा सापळा पाहुणेपणाचा. आठवडाभर एकट्याने राहणाऱ्याची स्वतःची शिस्त तयार होते. चहापुडीचा डबा कुठे, मुलाने किती वाजता झोपायचे, हे त्या घरात ठरलेले असते. शुक्रवारी येणारा माणूस ती घडी विस्कटतो किंवा अवघडून बसतो. मुलांच्या बाबतीत तर ही अडचण अधिक टोचते. सोमवार ते शुक्रवार अभ्यासासाठी रागावणारी आई आणि शनिवारी आइस्क्रीम देणारे बाबा, अशी वाटणी होऊ लागली की, दोघांपैकी एकावर अन्याय होतो. येणाऱ्याने शनिवारी मुलाचा गृहपाठ घ्यावा, भाजी आणावी, भांडी लावावीत. त्यामुळे तो पाहुणा न राहता घरचा होतो. पत्नी पतीच्या शहरात येत असेल, तर पंधरा दिवसांची धूळ आणि भांडी तिच्यासाठी शिल्लक ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

एकान्ताचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे स्वतःपुरता वेळ. ज्या आठवड्यात भेट होत नाही, तो वाया गेला असे मानून अनेकजण अपराधी भावनेने फोनला चिकटून बसतात. वास्तविक त्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर नाटकाला जाणे, गाण्याचा वर्ग, पोहणे किंवा नुसते झोपणे, यांवर दोघांचाही हक्क आहे. थकलेल्या माणसाने केलेला प्रवास भेटीला फार काही देत नाही. दोन महिन्यांतून एखादी सुट्टी परस्परसंमतीने 'न भेटण्याची' ठेवली, तर त्यात प्रेमाला उणेपणा येत नाही.

प्रवास कोणी करायचा?

दोन भाडी, दोन वीजबिले, दोन गॅस जोडण्या आणि दर आठवड्याचे तिकीट असा हा दुहेरी संसार असतो. दुसऱ्या नोकरीतून येणाऱ्या पगाराचा किती भाग यात जातो, हे वर्षातून एकदा कागदावर मांडून पाहावे. प्रवासाचा खर्च जो प्रवास करतो त्याच्या पगारातून न जाता सामाईक खर्चातून जावा, ही साधी गोष्टही अनेक घरांत ठरलेली नसते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. त्याचा लाभ जरूर घ्यावा, पण 'तुझे तिकीट अर्धे, तेव्हा तूच ये' हा हिशेब त्यातून निघू नये. तिकीट अर्धे झाले तरी घाट तेवढाच असतो आणि थकवाही. आळीपाळीने प्रवास करणे हाच न्याय्य मार्ग. ज्याच्यावर त्या महिन्यात कामाचा ताण अधिक, त्याला सूट द्यावी.

कायदा काय म्हणतो?

एकत्र राहण्याचा प्रश्न केवळ घरगुती नाही. पत्नीने नोकरी सोडून पतीच्या गावी यावे की नाही, यावर न्यायालयांतही वाद झाले आहेत. १९७८ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे अशाच एका जोडप्याचे प्रकरण आले होते. पत्नी पंजाबात मुख्याध्यापिका आणि पती दिल्लीत नोकरीला. दोघांचे घर कुठे असावे, हे ठरवण्याचा हक्क एकट्या पतीला नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. चांगली नोकरी सोडण्यास नकार देणाऱ्या पत्नीने विनाकारण पतीचा त्याग केला, असेही मानले नाही.

सरकारी सेवेत पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमण्याचे केंद्राचे धोरण १९८६ पासून आहे. २००९ च्या सुधारित आदेशात, दोघेही एकाच केंद्रीय सेवेत किंवा एकाच विभागात असतील आणि योग्य दर्जाचे पद उपलब्ध असेल, तर मुले १८ वर्षांची होईपर्यंत त्यांना एकत्र नेमण्यावर विशेष भर दिला गेला. आपल्या जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांमध्ये 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. दोघांच्या शाळांमधील अंतर ३० किलोमीटरहून अधिक असेल, तर अशा शिक्षकांचा वेगळा विचार होतो. बदली हा कर्मचाऱ्याचा हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मधील एका निकालात कायम ठेवले. मात्र, बदलीचे धोरण आखताना कौटुंबिक जीवनाचे संरक्षण हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग मानावा, असेही त्याच निकालात म्हटले. खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना अशा धोरणाचा आधार नसतो. तेथे बदली, घरून काम किंवा सोमवारी सकाळी उशिरा येण्याची मुभा, या गोष्टी प्रत्येकाला स्वतःच मागून घ्याव्या लागतात. त्या मागण्यात संकोच करू नये.

शेवटी, दूर राहण्याचा निर्णय घेताना बहुतेकजण 'किती लांब?' याचा विचार करतात, 'किती काळ?' याचा करत नाहीत. एक वर्ष, दोन वर्षे किंवा मूल पहिलीत जाईपर्यंत, अशी काहीतरी मुदत दोघांनी मिळून ठरवावी आणि दर सहा महिन्यांनी तिच्यावर बोलावे. मुदत माहीत असेल, तर आईवडीलही समजून घेतात आणि धावपळीचे शनिवार सुसह्य होतात. तोपर्यंत पुढच्या दोन महिन्यांची दिनदर्शिका काढावी आणि तिच्यावर सर्वांत आधी दोघांच्या भेटीचे दिवस लिहावेत. सासर, माहेर, मुंज आणि गळका नळ यांची नोंद त्यानंतर करावी. जागा त्यांनाही मिळतेच.